अलोवे येथील शाकारलेलें घर : त्याची बांधणी व इतिहास

१. स्कॉटलंड देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर एअर नांवाचें बंदर आहे. त्याच्या दक्षिणेस दोन-अडीच मैलांवर अलोवे हें गांव लागतें. तेथें रस्त्याच्या कडेस एक लांबट, ठेंगणें, बाहेरून पांढरें केलेलें व गवतानें शाकारलेलें घर उभें आहे. इ. स. १७५९ च्या जानेवारीच्या २५ व्या तारखेस स्कॉटलंडचा कवि रॉबर्ट बर्न्स ह्या घरांत जन्मला आणि त्यामुळें दोनशें वर्षांहून अधिक काळ लोक तें पाहावयास येत आहेत. बर्न्सच्या काव्याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नव्हे. येथें विचार करावयाचा तो घराचा.

ह्या विचाराचें कारण असें. दगडी किल्ला किंवा देऊळ पाहून आपण त्याच्या काळाविषयीं अनुमानें काढतों, कारण दगड टिकतो. परंतु ज्याच्या भिंती मातीच्या व छप्पर गवताचें, त्या घराचें गवत कांहीं वर्षांनीं कुजतें व बदलावें लागतें, आणि भिंतीची माती पावसानें धुपते व पुनः लिंपावी लागते. अशा स्थितींत अडीचशें वर्षांपूर्वींचें म्हणून जें घर आज दाखविलें जातें, त्यांतील अडीचशें वर्षांपूर्वींचें असें काय आहे? जुना कागद हातीं आला असतां तो अस्सल कीं नक्कल, आणि त्यांत मागाहून घातलेला मजकूर कोणता, हें आपण प्रथम पाहतों. तोच प्रश्न ह्या घराला विचारला तर काय उत्तर मिळतें, हें पुढें पाहावयाचें आहे.

२. हें घर बांधणारा मनुष्य कवीचा बाप विल्यम बर्नेस होय. कुळाचें आडनांव तो ‘बर्नेस’ असेंच लिही; मुलानें पुढें इ. स. १७८६ त आपला पहिला काव्यसंग्रह काढतेवेळीं ‘बर्न्स’ असें रूप रूढ केलें. विल्यम हा मूळचा ह्या प्रांतांतील नव्हे. स्कॉटलंडच्या ईशान्य भागांतील एका शेतकरी कुटुंबांत इ. स. १७२१ त त्याचा जन्म झाला. घरची स्थिति खालावल्यावर इ. स. १७४८ त तो पोटाच्या मागें बाहेर पडला. प्रथम एडिंबरो शहरांत त्यानें माळीकाम केलें व इ. स. १७५० त तो एअरच्या बाजूस आला. तेथें लोकांच्या बागा राखतां राखतां स्वतःचा भाजीपाल्याचा मळा असावा असें त्याच्या मनानें घेतलें, व अलोवे येथें डॉक्टर अलेक्झांडर कँबेल ह्या गृहस्थाकडून त्यानें साडेसात एकर जमीन घेतली.

ही जमीन त्यानें ज्या हक्कानें घेतली तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. स्कॉटलंडांत त्यास ‘फ्यू’ म्हणत. त्यांत घेणाऱ्यानें दरसाल ठराविक रक्कम भरावयाची व त्याच्या मोबदल्यांत जमीन वंशपरंपरा भोगावयाची. ती विकण्याचीही त्यास मोकळीक असे. हा हक्क व आपल्याकडील मिरास एकच असें म्हणतां येणार नाहीं, कारण दोहोंच्या मागील कायदा व गांवगाडा निराळा. तथापि उपऱ्या कुळाहून मिराशी जसा वेगळा, तसाच मुदतीच्या खंडकऱ्याहून फ्यूचा धनी वेगळा, इतकें साम्य वाचकांनीं मनांत बाळगावें. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

ह्या जमिनीवर विल्यमनें इ. स. १७५७ त स्वतःच्या हातांनीं घर उभें केलें. त्याच वर्षीं डिसेंबरच्या १५ व्या तारखेस त्यानें अॅग्नेस ब्राउन हिच्याशीं विवाह केला व ह्या घरांत संसार मांडला. रॉबर्ट व त्याच्या पाठचीं गिल्बर्ट, अॅग्नेस आणि अॅनाबेला अशीं चार मुलें येथें जन्मलीं.

३. आतां बांधणी पाहूं. घराची मांडणी एका ओळीची आहे. स्वयंपाकाची खोली, तिला लागून आंतली खोली, मग गोठा व धान्याचें कोठार, अशीं दालनें एकापुढें एक येतात. पहिल्या दोन खोल्यांस तिकडील बोलींत ‘बट’ व ‘बेन’, म्हणजे बाहेरची व आंतली, असें म्हणतात. स्वयंपाकाच्या खोलींतच चूल, जेवण, उठणेंबसणें व निजणें, सर्व कांहीं चाले. भिंतीलगत कोनाड्यासारखी जागा करून तींत पलंग बसविलेला आहे; कवीचा जन्म त्याच जागीं झाला असें सांगतात. माणसें व जनावरें एका आढ्याखालीं राहण्याची ही चाल त्या काळीं स्कॉटलंडांतील लहान शेतकऱ्यांत सर्रास होती. थंडीच्या देशांत गोठ्याची ऊब घरास उपयोगी पडे, आणि बर्फावाऱ्यांत गुरांची निगा राखण्यास बाहेर पडावें लागत नसे.

भिंतींचें मुख्य द्रव्य म्हणजे चिकणमाती व दगडगोटे. असल्या घरास तिकडे मातीचें घर असेंच नांव होतें. माती भिजवून तींत पेंढ्याचे तुकडे मिसळावयाचे, तीं चांगलीं तुडवून एकजीव करावयाचीं, एक थर रचून तो आळेपर्यंत थांबावयाचें व मग दुसरा थर चढवावयाचा, ही त्या प्रांताची रीति. अशा भिंतीचे शत्रु दोन : खालून चढणारी ओल व वरून पडणारें पाणी. म्हणून भिंत जाड ठेवावी लागे, खिडक्या लहान व थोड्या ठेवाव्या लागत, बाहेरून चुन्याचा हात द्यावा लागे, आणि छपराची वळचण भिंतीच्या बाहेर येईल अशी काढावी लागे.

छप्पर गवताचें कां, ह्याचें उत्तर ‘दारिद्र्य’ ह्या एका शब्दानें देण्याची चाल आहे. तें अपुरें आहे. मातीच्या भिंतीस पाटीच्या दगडांचें जड छप्पर झेपत नाहीं. गवताचें ओझें कमी. गवत थंडी अडवितें. शेतांत धान्य पिकलें म्हणजे पेंढा घरींच होतो, व तो बसविण्याची कला गांवांत असते. त्या बाजूच्या सर्वसाधारण पद्धतींत वाशांवर आडव्या काठ्या घालून त्यांवर मुळांसकट कापलेल्या हिरवळीच्या लाद्या पसरीत, व त्यांवर पेंढ्याच्या जुड्या खालून वर एकीवर एक चढवीत आढ्यापर्यंत नेत. उतार जितका तीव्र तितकें पाणी लवकर निथळतें, म्हणून पाखीं उभट ठेवीत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यानें गवत उडूं नये ह्यास्तव तें काठ्यांनीं खिळीत किंवा दोरांनीं बांधीत. धुरानें काळें झालेलें जुनें गवत उतरलें म्हणजे तें वायां जात नसे. तें शेतांत खत म्हणून पसरीत. अशा रीतीनें छप्पर शेतांतून येई व शेतांत परत जाई.

४. ह्या घराविषयींची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट वादळाची आहे. रॉबर्टच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनीं मोठें वादळ होऊन घराचा एक भाग कोसळला. स्वतः कवीनें आपल्या जन्मावरील एका गाण्यांत जानेवारीच्या वाऱ्यानें आपलें स्वागत केलें असा उल्लेख केला आहे, व त्यावरून वादळांत जन्मलेला वादळी कवि ही कल्पना लोकांच्या मनांत घट्ट बसली.

परंतु त्याचा भाऊ गिल्बर्ट ह्यानें दिलेली हकीकत अधिक बारकाईची आहे. तो सांगतो तें असें. बापानें मातीचें घर बांधतांना चुलीच्या दोन्ही बाजूंस दगडी उभे खांब व त्यांवर आडवी शिळा बसविली, आणि धुराडें मात्र आढ्यापर्यंत चढणाऱ्या बाजूच्या मातीच्या त्रिकोणी भिंतींतूनच वर नेलें. पुढें माती आळून भिंत खचूं लागली. दगड मात्र होते तेथेंच राहिले. त्यामुळें भिंतीचा तोल गेला. मूल नऊ-दहा दिवसांचें असतां एके दिवशीं पहाटेपूर्वीं, वादळ चाललें असतां, भिंतीचा कांहीं भाग बाहेर ढासळला. राहिलेल्या भागाचाही भरंवसा नव्हता, म्हणून बाळ-बाळंतिणीस तशा वादळांत शेजाऱ्याच्या घरीं हलवावें लागलें. घर दुरुस्त होईपर्यंत आठवडाभर तीं तेथें राहिलीं.

ह्या साक्षीची किंमत किती? गिल्बर्टचा जन्म इ. स. १७६० चा. म्हणजे ही घटना त्यानें डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं. ती त्यास घरांतून ऐकून कळली. इतक्यावरूनच ती हलकी ठरवावी काय? मला तसें वाटत नाहीं. साक्षीदार प्रत्यक्षदर्शी नसला तरी ज्ञान कोणाचें बोलत आहे हें पाहावें लागतें. दगड स्थिर राहतो व ओली माती आळतांना बसते, म्हणून दोहोंचा सांधा सुटतो, ही गोष्ट गोष्टीवेल्हाळ मनुष्यास सुचणारी नव्हे. ती बांधणाऱ्याच्या अनुभवाची आहे, व घर बांधणारा बाप गिल्बर्ट तेवीस-चोवीस वर्षांचा होईपर्यंत हयात होता. कवीच्या गाण्यांत वारा हेंच कारण आहे. गिल्बर्टच्या हकीकतींत वारा निमित्त आहे व कारण बांधणींतील चूक आहे. एका माळ्यानें स्वतःच्या हातांनीं बांधलेलें पहिलें घर, त्यांत झालेली चूक, आणि ती सुधारून पुनः उभी केलेली भिंत, इतका मजकूर ह्या एका हकीकतींत आहे. शिवाय तीवरून एक गोष्ट निश्चित होते. ह्या घराचा एक भाग बांधल्यापासून दोन वर्षांच्या आंतच नवा झाला होता. त्यांतील सारें ‘मूळचें’ असा काळ जवळजवळ कधींच नव्हता.

५. दुसरी साक्ष जॉन मर्डोक ह्या शिक्षकाची. इ. स. १७६५ त विल्यम बर्नेस व त्याचे चार शेजारी ह्यांनीं मिळून आपल्या मुलांसाठीं अठरा वर्षांच्या ह्या तरुणास शिक्षक नेमलें. तो पाळीपाळीनें त्या त्या कुटुंबाकडे जेवूनखाऊन राही. अर्थात् हें घर त्यानें आंतून पाहिलें होतें. इ. स. १७९९ त लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें घराचें वर्णन थट्टेच्या भारदस्त शब्दांत केलें असून त्याचा सारांश इतकाच कीं, थोडा पेंढा सोडला तर घर अथपासून इतिपर्यंत मातीचें होतें. त्याबरोबरच त्या घरांत जें समाधान होतें तें थोर वाड्यांतूनही विरळा असा अभिप्राय तो देतो. चौतीस वर्षांनंतरची व कवि प्रसिद्ध होऊन निवर्तल्यावरची ही आठवण असल्यामुळें समाधानाविषयींचा भाग थोडा गाळून घ्यावा. मातीविषयींचा भाग मात्र गिल्बर्टशीं जुळतो.

ह्या साक्षीचा खरा उपयोग निराळाच आहे. इ. स. १७८६ त बर्न्सचें पुस्तक निघाल्यावर हेन्री मॅकेंझी ह्या लेखकानें त्यास ईश्वरानेंच शिकविलेला नांगऱ्या म्हणून गौरविलें. तेव्हांपासून अज्ञान, दारिद्र्य व गवताचें छप्पर ह्या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या. परंतु शेजाऱ्यांस जमवून मुलांसाठीं शिक्षक ठेवणारा, व मुलांसाठीं धर्मविषयक प्रश्नोत्तरें रचणारा मनुष्य ह्या छपराखालीं राहत होता. छप्पर गवताचें म्हणून घरांत अक्षर नव्हतें असें अनुमान येथें साफ खोटें ठरतें.

जमिनीच्या हक्काचा मुद्दा वर सांगितला तो येथें उपयोगी पडतो. कुटुंब वाढलें तसा साडेसात एकरांचा मळा पुरेना. मुलांना परक्यांच्या शेतावर हलकी चाकरी करावी लागूं नये, तीं आपल्या नजरेखालीं राहावींत, अशी बापाची इच्छा होती, असें रॉबर्टनेंच इ. स. १७८७ तील आपल्या आत्मवृत्तपर पत्रांत लिहिलें आहे. म्हणून इ. स. १७६६ त विल्यमनें जवळच माउंट ऑलिफंट नांवाचें सत्तर एकरांचें शेत सालीना ४० पौंड खंडानें घेतलें; सहा वर्षांनीं तो खंड ४५ पौंड व्हावयाचा होता. जमीन निकृष्ट निघाली. तेथील श्रमांची आठवण रॉबर्टनें पुढें अत्यंत कडवट शब्दांत केली आहे. तेथून इ. स. १७७७ त कुटुंब लॉखली येथें गेलें, तेथें मालकाशीं खंडाबद्दल कज्जा लागला, व इ. स. १७८४ त विल्यम वारला. त्याचें शव अलोवे येथील जुन्या देवळाच्या आवारांत आणून पुरलें.

म्हणजे वस्तुस्थिति अशी कीं, जें घर दारिद्र्याचें चिन्ह म्हणून जगभर दाखविलें जातें, तेंच ह्या कुटुंबाच्या निर्वाहांतील सर्वांत निर्वेध हक्काचें घर होतें. त्याची हलाखी सुरू झाली ती मातीच्या भिंतींमुळें नव्हे, खंडाच्या जमिनीमुळें.

६. घराचा पुढील वृत्तांत असा. माउंट ऑलिफंटला जातांना विल्यमला तें विकावयाचें होतें, पण गिऱ्हाईक मिळेना. अखेर इ. स. १७८१ त एअर येथील चर्मकारांच्या पंचायतीनें, म्हणजे जोडे करणारांच्या संघानें, तें १६० पौंडांस विकत घेतलें. ह्या संघानें तें भाड्यानें दिलें, व त्याचें मद्यगृह झालें. इ. स. १७९६ त कवि वारला. पांच वर्षांनीं, इ. स. १८०१ च्या जुलईंत, त्याच्या मृत्युदिनीं हॅमिल्टन पॉल ह्या धर्मोपदेशकाच्या पुढाकारानें कांहीं चाहते ह्याच घरांत स्मरणार्थ जेवावयास जमले. बर्न्सच्या नांवानें आज देशोदेशीं जीं भोजनें होतात त्यांचा आरंभ हा होय. इ. स. १८१८ च्या जुलईंत इंग्लिश कवि कीट्स येथें आला, त्यानें येथें बसून एक सुनीत लिहिलें, व तें आपणांसच आवडलें नाहीं असें मित्रास कळविलें. घरवाल्याच्या अखंड बडबडीनें आपल्या मनांतील भाव नष्ट झाला अशी त्याची तक्रार होती. मद्यगृहाच्या काळांत घरास मागेंपुढें जोडकामें झालीं.

इ. स. १८८१ त बर्न्स-स्मारकाच्या विश्वस्तांनीं घर ४००० पौंडांस विकत घेतलें, मद्यविक्री बंद केली, व पुढें त्यास पूर्वींचें रूप देण्याचा यत्न केला. बरोबर शंभर वर्षांत किंमत पंचवीसपट झाली. माती तीच व गवत तर नवें. वाढली ती केवळ आठवणीची किंमत. ही आठवण किती मोलाची झाली होती ह्याचें प्रत्यंतर इ. स. १९१४ च्या जुलईच्या ८ व्या तारखेस आलें. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लढणाऱ्या दोन स्त्रियांनीं रात्रीं येथें स्फोटक द्रव्य लावण्याचा यत्न केला. पहारेकऱ्यानें त्यांस गांठलें. एक निसटली व दुसरी पकडली गेली. घर बचावलें. इ. स. २००८ त त्याची व्यवस्था स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाकडे गेली, व इ. स. २०१० त जवळच नवें संग्रहालय उघडलें.

७. आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. ह्या घरांतील अस्सल तें कोणतें?

छपराचें गवत अस्सल नाहीं. तें कित्येक वेळां बदललेलें आहे. भिंतींचा कांहीं भाग इ. स. १७५९ तच पडून नवा झाला, व पुढें जोडकामें करतांना आणि तीं काढतांना आणखी फेरफार झाले. मांडलेलें सामान मागाहून आणून ठेवलेलें आहे. ह्या दृष्टीनें पाहतां घर ही नक्कल ठरते. परंतु नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. मूळ जीर्ण झालें म्हणून विश्वासू कारकुनानें ओळीस ओळ लावून उतरलेली नक्कल आपण साधन म्हणून स्वीकारतों. मात्र ती नक्कल आहे हें सांगून. शाकारलेलें घर हें असेंच पुनःपुनः उतरावें लागणारें साधन आहे. त्याची जागा, दालनांची ओळ, भिंतीचें द्रव्य व छपराची रीति हीं त्याचीं मूळ अक्षरें होत. हीं जोंपर्यंत राखलीं आहेत तोंपर्यंत घराची साक्ष ग्राह्य आहे. मद्यगृहाचीं जोडकामें हा मागाहून घातलेला मजकूर. तो काढला तें ठीकच. परंतु काढण्यापूर्वीं त्याची नोंद राहणेंही तितकेंच अवश्य, कारण शंभर वर्षें हें घर मद्यगृह होतें हाही इतिहासच आहे.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ह्या घराची छाननी करतां आली ती घराच्या बळावर नव्हे. बांधणाऱ्याच्या मुलानें भिंत कां पडली हें लिहून ठेवलें, शिक्षकानें घर कशाचें होतें हें लिहिलें, विक्रीचा आंकडा राहिला, म्हणून दंतकथा व वस्तुस्थिति वेगळ्या करतां आल्या. हीं टिपणें नसतीं तर वादळांत जन्मलेला अडाणी नांगऱ्या एवढेंच आपल्या हातीं उरलें असतें.

८. शेवटीं आपल्याकडील स्थितीविषयीं दोन शब्द. शनिवारवाडा इ. स. १८२८ च्या आगींत जळाला, तरी त्याचें जोतें, तट व दरवाजे उभे राहिले, आणि त्यांवरून वाड्याचें मापन करतां येतें. परंतु ज्या रयतेच्या साऱ्यावर तो वाडा उभारला तिच्या घराचें काय? कोंकणांतील केंबळी घरें, मावळांतील कारवीच्या कुडाचीं व शेणामातीनें लिंपलेलीं घरें, मृगापूर्वीं भातेणानें व गवतानें होणारी शाकारणी, ह्यांचें साहित्य असें कीं वापर सुटल्यावर कांहीं पावसाळ्यांत तें मातीस मिळतें. कौलें व पत्रे आल्यावर शाकारणी मागें पडत गेली, व तिच्याबरोबर ती करणारे हातही कमी होत चालले. घर पडलें म्हणजे पुरावा गेला. आणि जेथें पुरावा नाहीं तेथें ‘बिचाऱ्याची झोंपडी’ ही दंतकथा सुखानें नांदते. त्या झोंपडींत कोणता हक्क होता, कोणती विद्या होती, कोणती चूक होऊन भिंत पडली व ती कोणी कशी सावरली, हें मग कोणीच सांगूं शकत नाहीं.

म्हणून कागद शोधण्यास गांवोगांव हिंडणाऱ्या अभ्यासकांस विनंती अशी कीं, जेथें शाकारलेलें घर अद्यापि उभें असेल तेथें दालनांचीं मापें, खांब-वाशांचें लांकूड, भिंतीचें द्रव्य, पाख्याचा उतार, गवताची जात व तें किती वर्षांनीं बदलतात हें टिपून घ्यावें. घर बांधणारा किंवा शाकारणारा म्हातारा भेटल्यास त्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : हें घर कधीं पडलें होतें काय, व कशानें? गिल्बर्ट बर्न्सनें ह्याच प्रश्नाचें उत्तर लिहून ठेवलें, म्हणून अलोवेच्या घराचा हा इतिहास सांगतां आला.